अकराव्या मिनिटाचं घुबड

जगात भित्र्या माणसांची कमतरता नाही आणि हट्टी माणसांची तर त्याहून नाही; पण हे दोन्ही गुण एकाच देहात काठोकाठ भरून देवाने जो एक नमुना तयार केला, त्याच्या गाडीतून मी सहा वर्षं ऑफिसला गेले. हे माझे कारपूलवाले काका. नात्याचे नव्हेत. मी अमेरिकेत बॉथेलला राहायला आले तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती, लायसन्स नव्हतं आणि रेडमंडच्या बसचं वेळापत्रक मला वाचता येत नव्हतं. काकांकडे गाडी होती आणि कारपूलच्या लेनमधून जाण्यासाठी शेजारच्या सीटवर एक जिवंत माणूस हवा होता. अशी आमची गाठ पडली. गाडी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी निघायची. सातला का नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर काकांनी मला सात ते साडेसातमधल्या प्रत्येक मिनिटाला निघून पाहिल्याचा तक्ता दाखवला, त्यामुळे मी पुन्हा काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर "बेल्ट लावला" असं तोंडाने सांगावं लागे. खटक्याचा आवाज त्यांनाही आलेला असे, पण गाडी हलत नसे. "आवाज आला म्हणजे लागला असं नाही ना," ते म्हणत. "कन्फर्म कर."

या सगळ्याला कारण त्यांचा पेशा. काका टेस्टर. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या आणि त्याबद्दल पगार घेतला. पुण्यात हे काम लोक फुकट करतात, असं मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. ते नागपूरचे. "मग त्याची क्वालिटी काय असणार," एवढंच म्हणाले. चूक कशी सांगावी याचीही त्यांची ठरलेली रीत होती: अपेक्षित काय होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि पुन्हा तसंच घडवायचं असेल तर काय करावं. ही रीत त्यांनी ऑफिसपुरती ठेवली असती तर ते सुखात राहिले असते आणि आम्हीही. मंडळाच्या गणपतीचं जेवण झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांना त्यांनी ईमेल पाठवली. "अपेक्षित: अळूची भाजी आंबटगोड. प्रत्यक्ष: नुसती गोड. पुन्हा घडवण्यासाठी: चिंच घरी विसरा." पुढची दोन वर्षं मंडळात काकांच्या पानात अळू पडलं नाही. "त्यांनी बग फिक्स नाही केला, युजरच डिलीट केला," काका मला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नोंदली गेल्याचं समाधान होतं.

हा झाला हट्ट. आता भित्रेपणा. मागच्या डेकवर रॅकून, म्हणजे इथला मांजराएवढा उचल्या प्राणी, आला की काका वरच्या मजल्यावर जाऊन खाली स्वयंपाकघरात असलेल्या काकूंना फोन करत. हॅलोविनचं सोंग घेऊन दारात आलेल्या पाच वर्षांच्या सांगाड्याला त्यांनी एकदा चॉकलेटचा अख्खा वाडगा देऊन टाकला आणि दार लावून घेतलं. वाडगा दुसऱ्या दिवशी त्या सांगाड्याची आई परत देऊन गेली. सिनेमा तर कुठलाही असो, संगीत जरा खाली उतरलं की काकांना तहान लागायची. काकू या बाबतीत फार थंड डोक्याने बोलायच्या. "लग्नानंतर पहिलाच पिक्चर बघायला गेलो गं. त्यात कोणीतरी दार उघडलं. दारामागे काही नव्हतं, दूधवाला होता. पण हे जे उठून गेले ते मला डायरेक्ट रिक्षा स्टँडवर भेटले."

आणि अशा माणसाची एकुलती एक मुलगी भुताच्या सिनेमाला आवाज देण्याचं काम करते. देवाकडे टेस्टर नसावा असा मला कधीकधी संशय येतो. रेवा इथेच जन्मली, इथेच वाढली, काकांच्या आग्रहाने कॉम्प्युटर सायन्सला गेली आणि तिसऱ्या वर्षी ते सोडून लॉस एंजेलिसला आवाजाचं शिक्षण घ्यायला निघून गेली. पडद्यावर कोणी बर्फातून चाललं की त्याच्या पावलांचा आवाज कोणीतरी खोलीत बसून कॉर्नफ्लॉवरच्या पिशव्या दाबून काढतं. हे जे कोणीतरी असतं ते व्हायचं तिने ठरवलं. काकांना हे पटणं शक्य नव्हतं. त्या दिवशी घरात जे बोलणं झालं त्याचं शेवटचं वाक्य मला काकूंनी सांगितलं. काका म्हणाले होते, "ज्या दिवशी पडद्यावर तुझं नाव बघेन, त्या दिवशी स्वतः फोन करून सांगेन की मी चुकलो." रेवा म्हणाली होती, "ओके बाबा. डील." त्यानंतर आठ वर्षं बापलेकींचे फोन झाले ते हवामान आणि गाडीचे टायर या दोनच विषयांवर. रेवाने या काळात कुत्र्यांच्या खाण्याच्या जाहिरातींना आवाज दिले, आणि कुत्र्यांच्या जाहिरातीत नावं येत नाहीत.

मग तो सिनेमा आला. नाव स्पॅनिश होतं. काका त्याचा उच्चार दर वेळी वेगळा करत. मेक्सिकोत आणि इकडे टेक्सासच्या सीमेवर लेचूसा नावाच्या एका बाईच्या गोष्टी सांगतात. अंगणातल्या झाडावर माणसाएवढं घुबड येऊन बसतं, त्याला म्हातारीचं तोंड असतं, आणि ते तान्ह्या बाळासारखं रडतं. बाळ कुणाचं म्हणून बघायला जो दार उघडतो त्याला ते घेऊन जातं. या गोष्टीवरच तो सिनेमा होता, आणि त्यातल्या घुबडाचा आवाज रेवाने केला होता. काकांना मी गाडीत ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "आमच्याकडे घुबडाला दगड मारत नाहीत," ते म्हणाले. "ते तो दगड उचलून नेतं आणि नदीत झिजवत बसतं. दगड झिजला की माणूस झिजतो." मग म्हणाले, "पण बघावा तर लागेल. शब्द दिला आहे."

थिएटरात आम्ही तिघं गेलो, दुपारी एकच्या खेळाला, कारण काकांना बाहेर उजेड हवा होता. अकराव्या मिनिटाला पडद्यावरच्या मुलीने दार उघडलं, बाळाचं रडणं थांबलं, आणि अंधारातून घशातून ओढून काढलेला असा एक आवाज आला की माझ्या हातातला पॉपकॉर्न उडाला. काका उठले. "पार्किंगचं बघून येतो," म्हणाले. पार्किंग फुकट होतं. काकू तोवर झोपल्या होत्या, त्या शेवटपर्यंत झोपल्या. मी सिनेमा बघितला, पण तो संपता संपता मला काकांची काळजी वाटायला लागली आणि मी बाहेर पळाले. थोडक्यात, तिघांची तिकिटं काढून रेवाचं नाव एकानेही बघितलं नाही. हे माझ्या हातून घडलेलं पाप आहे आणि मी ते नाकारत नाही.

काही आठवड्यांनी सिनेमा घरच्या टीव्हीवर आला आणि काकांनी कंबर कसली. साधा माणूस काय करेल? थेट शेवटाला जाईल, नाव बघेल आणि फोन लावेल. मी तसं सुचवलं तर काका माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांना पेपर फोडायला सांगितलं. "नुसत्या रिलीज नोट्स वाचून प्रॉडक्ट पास करत नसतात," ते म्हणाले. "वापरून बघावं लागतं." काकूंना रेवाने नावाचा फोटो पाठवला होता. काकूंनी तो दाखवायला फोन पुढे केला तर काकांनी डोळे मिटून घेतले. मग आवाज बंद करून बघा, मी म्हटलं, नुसत्या चित्रात काही दम नाही. यावर मात्र त्यांना खरंच वाईट वाटलं. "अगं, तिने आवाजच तर केलाय. तो बंद करून बघायचा म्हणजे पोरीने वाढलेलं ताट न जेवता धुवायला टाकायचं."

शनिवारी सकाळी दहा वाजता, पडदे उघडे, दिवे लावलेले, आणि बाहेर ऊन असलंच पाहिजे, अशी त्यांची पूर्वअट होती. आमच्याकडे ऑक्टोबरनंतर ऊन म्हणजे पाहुणा. काका शुक्रवारपासून हवामान बघत बसत. प्रत्येक प्रयत्नाची नोंद एका वहीत होत असे आणि सोमवारी गाडीत ती मला वाचून दाखवली जाई. "प्रयत्न तिसरा. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. थांबण्याचं कारण: घुबड. प्रयत्न चौथा. अकरा मिनिटं बेचाळीस सेकंद. कारण: तेच. प्रगती: दोन सेकंद." सिनेमातली आजी घुबडाला बांधून ठेवण्यासाठी दोरीला सात गाठी मारते, असं मी त्यांना बोलता बोलता सांगितलं. तिकडे तशी समजूतच आहे. पुढच्या शनिवारी काका गाठी मारायच्या तयारीने बसले, पण ऐन वेळी दोरी सापडेना, आणि घुबड काही थांबणार नव्हतं. हाताशी पायजम्याची नाडी होती. सहा गाठी होईपर्यंत अकरा मिनिटं पन्नास सेकंद झाली, हा तोवरचा उच्चांक होता. नाडी काकूंनी शेवटी कात्रीने कापली. "पासष्टीला आलेल्या माणसाची नाडी मी सोडवत बसायची," त्या मला म्हणाल्या, "आणि कारण काय तर मेक्सिकन घुबड."

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि मी पोटभर हसले, पण त्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. सिनेमा पूर्ण बघेपर्यंत रेवाशी बोलायचं नाही, असं काकांनी ठरवून टाकलं होतं. बोललं की ती विचारणार, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. तीन महिने झाले. टायरवरचंही बोलणं बंद झालं. डिसेंबरात एका रविवारी रेवाचा मला फोन आला. आम्ही एरवी फारशा बोलत नाही. "ताई, इज बाबा स्टिल मॅड?" तिने विचारलं. "आईला विचारलं तर शी सेज, आस्क हिम. आय थॉट हे बघून तरी बाबा वुड कॉल. आय ॲम डन वेटिंग, यू नो. एव्हरी ख्रिसमस मी तिकीट काढते आणि कॅन्सल करते." तिचा आवाज भांडणाचा नव्हता. थकलेला होता, आणि ते मला जास्त लागलं.

काकांनी मला बजावून ठेवलं होतं की तिला काही सांगायचं नाही. मी दिलेला शब्द मोडला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. पार्किंग, वही, ऊन, नाडी, सगळं सांगितलं. रेवा आधी हसली. मग हसायची थांबली. "विच मिनिट?" तिने विचारलं. अकरावं, मी म्हटलं. "ओह नो," ती म्हणाली, आणि पुढे जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत बसले. काका रोज सकाळी तांब्याच्या पट्टीने जीभ घासतात. घरोघरचे बाप घासतात, पण काका सगळं करतात तसं हेही कसून करतात, आणि त्या वेळी बाथरूममधून जो आवाज येतो त्याने लहानपणी तिच्या मैत्रिणी राहायला आल्या की रडायला लागत. घर सोडून जायच्या आदल्या सकाळी रेवाने तो दाराबाहेर उभं राहून फोनवर रेकॉर्ड करून घेतला होता. सहज, आठवण म्हणून. तिथे होमसिक वाटलं की ती तो ऐकायची. दिग्दर्शकाला घुबडासाठी कुठलाच आवाज पसंत पडेना तेव्हा तिने तो संथ केला, उलटा फिरवला, त्यात छत्री उघडल्याचा आवाज मिसळला आणि ऐकवला. "ताई," ती म्हणाली, "दॅट आउल इज बाबा."

हे काकांना कसं सांगायचं याचा मी रात्रभर विचार केला आणि सोमवारी हायवेवर, त्यांना गाडी सोडून पार्किंग बघायला जाता येणार नाही अशा जागी, सांगून टाकलं. तुम्ही रागावलात असं तिला वाटतंय, हेही सांगितलं. हायवेवरून उतरायचे दोन एक्झिट गेले, त्यांनी गरज नसताना वायपर चालू केले. मला वाटलं चिडले. मग त्यांनी विचारलं, "रेकॉर्डिंग जायच्या आदल्या दिवशीचं म्हणाली?" हो, मी म्हटलं. "त्या दिवशी मी तिच्याशी बोलत नव्हतो," काका म्हणाले. "दिवसभर एक शब्द बोललो नाही. म्हणजे तिला न्यायला तेवढाच आवाज मिळाला." आमचा एक्झिट आला आणि गेला. सहा वर्षांत त्यांचा रस्ता चुकला तो तेवढाच.

त्या शनिवारी सकाळपासून पाऊस होता आणि आभाळ जमिनीला टेकलं होतं. आठ वाजता काकांचा फोन आला. "दहा वाजता ये. साक्षीदार पाहिजे." ऊन नाही, मी म्हटलं. "नाही तर नाही," ते म्हणाले. आता सगळं कळल्यावर भीती उरणार नाही, अशी माझी समजूत होती. काकांनाही तसंच वाटत असावं. पण भीतीला कारण कळून काही फरक पडत नाही. अकरावं मिनिट आलं, दार उघडलं, तो आवाज आला, आणि काका अर्धे उठले. मग तसेच अर्धे उभे राहून त्यांनी तोंड उघडलं आणि टीव्हीकडे बघत तोच आवाज, घशाच्या तळापासून, पूर्ण ताकदीने काढला. पडद्यावरची मुलगी किंचाळली. काकूंच्या हातातली वाटाण्याची ताटली पडली. काका खाली बसले. "मॅच होतो," म्हणाले. पुढचा दीड तास घुबड ओरडलं की काका त्याला उत्तर देत होते, घाम पुसत होते, आणि पुन्हा देत होते. वाटाणे सोफ्याखालून गोळा करणाऱ्या काकूंनी एकदाच वर बघितलं. "दोघांचं चालू दे," म्हणाल्या.

शेवटी घुबड उडून गेलं आणि नावं सुरू झाली. काळ्यावर पांढरी, मुंगीएवढी अक्षरं. काका उठून टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवून, बोट काचेला लावून. सुतार गेले, ड्रायव्हर गेले, जेवण पुरवणारे गेले. मग आवाजवाले आले. रेवा इथे सगळीकडे दोनच नावं लावते, स्वतःचं आणि आडनाव. पडद्यावर तीन होती, आपल्याकडे लावतात तशी, मध्ये वडिलांचं. ते मधलं नाव काकांच्या बोटाखालून वर सरकलं आणि गेलं. त्यांनी तपासलेल्या कितीतरी गोष्टी तीस वर्षांत जगभर घराघरांत पोचल्या असतील, पण त्यांचं नाव कशावर आलं नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात येत नाही.

त्यांनी तिथेच उभ्याने फोन लावला. "रेवा, बाबा बोलतोय. पूर्ण बघितला. मी चुकलो होतो." तिने विचारलं, "विच पार्ट, बाबा?" काकांनी नीट विचार करून उत्तर दिलं. "तुझ्या थर्ड इयरपासून पुढचं सगळं." मी कोट घेऊन बाहेर पावसात जाऊन उभी राहिले. मला रडू आलं होतं, आणि काकांसमोर रडले असते तर अपेक्षित काय होतं असं त्यांनी विचारलं असतं.

रेवा त्या ख्रिसमसला आली आणि आता दर वर्षी येते. काका मागच्या वसंतात रिटायर झाले. मी माझी गाडी घेतली आणि कारपूलची लेन सोडून इतरांबरोबर रखडत ऑफिसला जाते. इतकं शांत बसायची मला सवय नाही, आणि ते मला आवडतही नाही. काकूंकडे गेले की कळतं, महिन्यातून एकदा तरी काका तो सिनेमा लावतात. नाव परत बघायचं असतं. आता तर एकदा पूर्ण बघून झाला, थेट शेवटाला गेलात तरी चालेल की, असं मी त्यांना परवा म्हटलं. "फुकट कसं बघायचं गं," काका म्हणाले. ते नाव पडद्यावर चार सेकंद असतं. तेवढ्यासाठी ते पहिल्यापासून बसतात, आवाज पूर्ण ठेवून, आणि दार उघडायच्या आधी अजूनही न बघता शेजारी काकूंचा हात शोधतात.